लॅन्सडाऊनचं माहात्म्य

"हे कुणी लिहिलंय?"

मे महिन्यातली दुपार. बाहेर गरम लू वाहत होती, बनारसमधल्या गोदौलियाच्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात पंखा नुसताच करकरत होता आणि समोर एक उंच तरुण माझं पत्रक नाचवत उभा होता.

"मी. कस्तुरी. का? काही गलत आहे?"

"मी अनिश, बँकेत आहे. गढवालच्या पहाडात, लॅन्सडाऊनला दोन वर्षं काढून गेल्याच महिन्यात बदलून आलो." त्यानं मोठ्यानं वाचलं, "'या गिरिस्थानी प्रातःकाळी स्नान करून जो तीन रात्री राहील, त्याचे सकल ताप हरतील...' अहो, तिथं पहाटे स्नान केलं तर माणूसच हरेल!"

मला हसू आलं, आणि रागही. काशीयात्रेला आलेल्या मराठी मंडळींनी पुढे थंड हवेला जावं म्हणून मालकांनी हे पत्रक लिहायला सांगितलं होतं. मी जन्मात डोंगर पाहिलेला नव्हता. आमचं घर दशाश्वमेधावरच्या तीर्थोपाध्यायांचं. गावाबद्दल लिहायचं म्हणजे त्याचं माहात्म्य लिहायचं, एवढंच मला ठाऊक.

"कधीच गेला नाहीत पहाडावर?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडे काशी सोडत नाहीत," मी ऐटीत म्हटलं. "आई गेल्यावर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीच्या सीमेबाहेर पाऊल नाही! बरं, तुम्हीच सांगा, काय आहे तिथं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम निवला. "तेच तर आहे."

मग रोज बँक सुटली की आम्ही मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसू लागलो. तो सांगायचा, मी पत्रक नव्यानं लिहायचे. गावाचं जुनं नाव कालूडांडा, म्हणजे काळा डोंगर. १८८७ साली इंग्रजांनी तिथं छावणी वसवली आणि पुढे आपल्या व्हाइसरॉयचं नाव ठेवलं. तेव्हापासून ते गढवाली पलटणीचं घर. बाजार एवढासा, चहा निवायच्या आत फिरून होतो. वसंतात बुरांशाची लालभडक फुलं, आणि आभाळ मोकळं असेल त्या सकाळी समोर बर्फाची शिखरं...

"पण लोकांनी कशासाठी जायचं?"

"गप्प बसायला. तुम्हाला नाही जमायचं."

"जमेल की! कुणी नेलं तर—"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यानं माझ्याकडे पाहिलं... हसला... आणि कसलीशी आठवण झाल्यासारखा नदीकडे बघत बसला. मेला, काही म्हणजे काही बोलला नाही! त्या रात्री मी जेवले नाही.

नवं पत्रक छापून आलं. ते अप्पांना द्यायला जुलैतल्या एका रविवारी तो घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "लॅन्सडाऊनला मॅनेजर म्हणून बोलावलंय. मी नकाराचा अर्ज लिहिलाय. उद्या देणार."

मी हातातली बशी खाली ठेवली. "का? केवढा जीव आहे तुमचा त्या गावावर!"

"असंच... बनारस आवडलं."

"इतकं?" अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे भाई, खरं बोला."

तो लाल झाला. "तुमच्या घरातलं कुणी काशी सोडत नाही ना. मग मलाच इथं राहायला हवं."

अप्पा खो खो हसत सुटले. "अहो, संन्यास माझा आहे! पोरीनं काय गुन्हा केलाय?"

एवढे दिवस हा एवढ्यासाठी गप्प होता! मला हसावं की रडावं कळेना. मग एकाएकी लक्षात आलं. "पण अप्पा... तुम्हाला माझ्या घरी कधीच येता येणार नाही."

"नाही येणार," अप्पा शांतपणे म्हणाले. "तू ये. माहेर एका जागी पक्कं असलेलं बरं असतं, बेटा. शोधावं लागत नाही."

अनिशनं खिशातून अर्ज काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि टराटरा फाडला.

"कस्तुरी," तो पहिल्यांदाच एकेरीवर आला, तेही अप्पांच्या देखत, "येशील माझ्याबरोबर?"

"येईन," मी म्हटलं, आणि अप्पांच्या गळ्यात पडून पोटभर रडले.