क्लेमचा दगड

आईला तिच्या लेकाच्या उशाशी दगड बसवायचा होता. काम एवढंच! ॲडलेडहून निघायचं, बर्ड्सव्हिलचा कच्चा रस्ता धरून उत्तरेला आमच्या जुन्या गुरांच्या कुरणापर्यंत जायचं, चार फावडी माती ओढायची आणि परत यायचं. माझा भाऊ क्लेम जेमतेम तीन आठवडे जगला आणि तिथेच पुरला गेला, तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबांनी लोखंडी खाटेचे कठडे रोवून त्याला कुंपण केलं. दगड नंतर आणू म्हणाले. ते 'नंतर' चाळीस वर्षं लांबलं. बाबा गेले, कुरण विकलं गेलं, आणि आता आईच्या हृदयाचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं होतं.

"त्या टेबलावरून उठले नाही तर?" आई म्हणाली. "आधी दगड, मग डॉक्टर."

म्हणून दगड घडवून आणला. चहाच्या ट्रेएवढा, चार बोटं जाड, काळा ग्रॅनाइट. पुढून गुळगुळीत, मागून खडबडीत. त्यावर फक्त 'क्लेम'. आईला जास्त शब्द लागत नाहीत.

इथवर सगळं ठीक होतं. मग नियोजन गॅव्हिनने हातात घेतलं, आणि झालं!

गॅव्हिन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, विमा कंपनीतला साहेब. माणूस मनाने वाईट नाही, असं माझी बहीण म्हणते. तिला म्हणावंच लागतं. गाडी त्याची, रजा त्याला आठवड्याचीच, म्हणून हुकूमही त्याचा. त्याने टाइप केलेला तक्ता आमच्या हातात ठेवला. चहा: दहा मिनिटं. पेट्रोल: वीस मिनिटं. थडगं: पंचेचाळीस मिनिटं.

"पंचेचाळीस मिनिटांत काय काय?" मी विचारलं.

"दगड बसवणं, प्रार्थना, फोटो."

"आणि रडणं कुठे बसवलंयस?"

"प्रार्थनेत धरलंय," तो म्हणाला. थट्टा केलेली कळते तो माणूस वेगळा!

बहीण शहाणी. ती घरीच राहिली.

सामान बघून मला हसावं की रडावं कळेना. घडीचं टेबल, घडीच्या खुर्च्या, कापडी मांडव, मांडवात घालायला सतरंजी, कॉफीचं यंत्र! पाणी मात्र दिवस मोजून. फोन लागत नाही तिथे मदत मागायला रेडिओ भाड्याने घे म्हटलं, तर म्हणे एका आठवड्यासाठी कशाला उगाच. मी बाबांची जुनी लाकडी फळी आठवणीने मागे सरकवून ठेवली होती. आमच्याकडे कुणी फळीशिवाय गाडी बाहेर काढत नाही. मऊ जमिनीत जॅकखाली काही टणक नसलं, तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मारी गाव सोडलं आणि खरा रस्ता सुरू झाला. तांबड्या गोट्यांचा माळ क्षितिजापर्यंत पसरलेला, मध्येच वाळूची एखादी लांबलचक टेकडी, पुन्हा माळ, आणि वर एवढं मोठं आभाळ की माणसाने उगाच बढाया मारू नयेत. गॅव्हिन मारत होता. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, ही आमच्याकडची रीत. तो तेवढंही करेना. वेळ वाचवत असावा! मी म्हटलं, चाकांतली हवा कमी कर, वेग कमी कर. पण छे! मग जे व्हायचं तेच झालं. गोट्यांनी टायर उभा चिरला. जादा चाक एकच होतं, ते लावलं.

"अठ्ठावीस मिनिटं गेली," गॅव्हिन म्हणाला.

मागच्या सीटवर आई दगडावर हात ठेवून बसली होती. दगड तिने स्वतःच्या घोंगडीत गुंडाळला होता. "गेली तर जाऊ दे. तुझ्या खिशातली होती का?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मुख्य रस्ता सोडून कुरणाच्या वाटेला लागलो. आठवड्यापूर्वी इथे पाऊस झाला होता. उत्तरेला पुन्हा निळेकाळे ढग चढत होते. पुढे चिकणमातीचं भलंमोठं उथळ तळं आडवं पसरलेलं, वरून वाळून पांढरं पडलेलं, भाकरीसारखं तडकलेलं. वाट त्याला वळसा घालून जात होती. पलीकडे कूलिबाच्या झाडांची रांग दिसत होती, आणि तिच्या डाव्या अंगाला ती उंच टेकडी. क्लेम त्याच टेकडीवर होता!

"वळशाने पाऊण तास जाईल. सरळ पाच मिनिटं," गॅव्हिन म्हणाला.

"वेडा आहेस का? वरची पापडी फक्त वाळलीय. खाली लोणी आहे लोणी!"

"नोरीन, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे."

आणि त्याने गाडी घातली. काही क्षण सुखाचे गेले. तो माझ्याकडे बघून हसलासुद्धा! तेवढ्यात पापडी फुटली. गाडीचं नाक खाली गेलं. गॅव्हिनने जोर दिला. चाकं गरगरली, चिखल छपरावर उडाला. "थांब! पाय काढ!" मी ओरडले. त्याने आणखी जोर दिला. इंजिन थांबलं तेव्हा गाडी पोटावर बसली होती.

गॅव्हिनने तक्ता काढला. देवाशपथ, त्याने खरंच तक्ता काढला!

"आता यात काय शोधतोयस?" मी म्हटलं. "चिखल: किती मिनिटं?"

संध्याकाळपर्यंतचा वेळ खणण्यात गेला आणि काही निष्पन्न झालं नाही. सकाळी उठलो तर ढग अर्धं आभाळ खाऊन बसले होते. धोका आता उघड होता. पाऊस पडला की तळं भरणार, आणि मग या वाटेला महिनाभर कुणी फिरकणार नाही. पाणी दोन दिवसांचं. आईच्या हृदयाच्या गोळ्या चार दिवसांच्या.

मी जॅक लावला. दांडा दोनदा दाबला. गाडी जागची हलली नाही, जॅकचा पाय तेवढा चिखलात घुसला. "फळी दे," मी म्हटलं.

गॅव्हिनने बुटाचा चिखल खरवडायला घेतला.

"गॅव्हिन, मागे बाबांची फळी आहे, ती दे."

"ती... मी काढून ठेवली. घरी. मला वाटलं, लाकडाचा कचरा आहे. कॉफीचं यंत्र बसत नव्हतं."

असा माणूस आमच्या घरात कुठून आला, हे मी आभाळाला विचारलं.

फावड्याचं पातं घातलं. ते वाकलं. टेबलाची फळी घातली. पुठ्ठ्यासारखी दुमडली. मग गॅव्हिनला मर्दपणा आठवला. "मी कुरणाच्या नव्या मालकाच्या घरापर्यंत चालत जातो. फार तर पंचवीस किलोमीटर," असं म्हणून बाटली घेऊन तो निघालासुद्धा!

"जावईबापू!" आईने खिडकीतून हाक मारली. "जाताना बूट वाजवत जा. कावळे आधी डोळे काढतात. पाय हलताना दिसले तर जरा थांबतात."

तो थबकला.

"गाडी सोडून चालत गेलेली माणसं मी दोनदा पाहिलीयत," आई म्हणाली. "दोघंही तुझ्यापेक्षा चांगली चालणारी होती. ये इकडे. मला दार उघडून दे."

ती उतरली. मागोमाग घोंगडीचं गाठोडं ओढून घेतलं. चिखलात गुडघे टेकून तिने गाठ सोडली आणि काळा दगड उन्हात आला.

"आई, नको! याच्यासाठी तर आलो ना आपण!"

"दगड आहे गं तो. क्लेम नाही," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "धर."

गॅव्हिनने दगड घेतला. तो पहिल्यांदाच गोंधळून आईकडे बघत होता. "नाव खाली करू? निदान नावावर तरी नको..."

"गुळगुळीत बाजू खाली गेली तर घसरेल, एवढंही कळत नाही? खडबडीत खाली. नाव वर."

जॅकचा लोखंडी पाय नावाखालच्या कोऱ्या जागेवर बरोबर मधोमध बसला. मी दांडा दाबला. दगड कुरकुरला. पुन्हा दाबला. कट्! एक टवका उडाला. आईने डोळे मिटले.

"थांबू?"

"दाब म्हणते ना!"

दाबला. चिखलाने मचकन् आवाज केला आणि गाडी वर आली! दोन बोटं, चार बोटं, वीतभर! "घाल!" मी ओरडले. गॅव्हिनने चाकाखाली खारझुडुपं कोंबली. पुढचं चाक झालं, मग मागचं. झुडुपं संपली. मग सतरंजी घातली, मांडव घातला, खुर्च्या घातल्या. एवढ्या सामानाचा अखेर काहीतरी उपयोग झाला! चौथ्या चाकाला दांडा माझ्या हातातून सुटला आणि सप्पकन् वर उडाला. गॅव्हिन वेळेवर मागे पडला, नाहीतर त्याचे पुढचे दात तळ्याला गेले असते. तो चिखलातून उठला आणि काही न बोलता पुन्हा दांडा धरला. ते तेवढं मात्र मी त्याच्या खात्यावर जमा धरते.

चाकांतली हवा काढली. सगळ्या सामानाचा रस्ता झाला. मी गाडी चालवायला बसले. कॉफीचं यंत्र चाकाखाली कडकड मोडलं, आणि प्रवासातला तो सर्वांत गोड आवाज होता! गाडी डुलली, घसरली, पुन्हा रुतते की काय असं वाटलं, आणि कड लागली. टणक, तांबडी, देवासारखी जमीन!

आई चिखलातून दगड ओढत आमच्या मागून येत होती. गॅव्हिन धावत गेला, तर तिने दगड दिला नाही. मग त्याने तिलाच धरून आणलं.

"आता मागे फिरू," तो धापा टाकत म्हणाला. "पाऊस येतोय. वेळ नाही."

"पाऊस आला की आमच्याकडे माणूस खाली जातो की वर?" मी विचारलं. त्याने एकदा टेकडीकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडीत बसला.

वर वारा होता. खाटेचे गंजलेले कठडे तसेच उभे होते, एक तेवढा कललेला. आईने पदराने पुसावा तसा स्कर्टच्या टोकाने दगड पुसला. नाव शाबूत होतं. नावाच्या खाली जॅकच्या पायाचा चौकोनी ओरखडा, आणि एक कोपरा गेलेला. आम्ही दगड बसवला. खाली तळ्यावर सरी उतरल्या आणि आमची वाट दिसेनाशी झाली. पुढे मालकाच्या घराकडे जाणारी वाट मात्र उंचावरची, ती बुडत नाही.

गॅव्हिनने घसा खाकरला. "आई, मी दुसरा करून आणतो. माझ्या खर्चाने. हा... याला डाग पडला."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली. जवळजवळ.

"डाग?" ती म्हणाली. "तीन आठवडे जगला रे माझा लेक. जगात येऊन काहीच करायला मिळालं नाही त्याला. दूधसुद्धा नीट ओढता यायचं नाही. आज त्याने तीन माणसं उचलून बाहेर काढली. घरात पुरुष म्हणावेत असे दोघे. एक तीन आठवड्यांचा आणि एक पंचेचाळीस वर्षांचा. काम कुणी केलं, ते त्या दगडावर लिहिलंय. तू आता त्याला हात लावायचा नाहीस."

गॅव्हिनने सवयीने मनगटाकडे पाहिलं. घड्याळात चिखल गेला होता.

"चहा टाक," आई त्याला म्हणाली आणि क्लेमच्या उशाशी जमिनीवर बसली. "डॉक्टर सोमवारी नाही तर पुढच्या सोमवारी कापेल. पळून जात नाही तो."

गॅव्हिन सरपण गोळा करायला गेला.