पान एकेचाळीस

सिदू, त्यो मोबाईल ठिव खाली. मधीमधी दात काढायचे आसले तर आत्ताच घरी जाय. आपल्या उत्तरेश्वरची गोष्ट हाय, फाट्यावर गॅरेज हाय त्याचं, त्यो. खोटं वाटलं तर इचारा त्याला. सांगायचा न्हाई, पर न्हाई बी म्हणायचा न्हाई.

मागल्या जेठ अमावास्येची रात. बुधवार व्हता. उत्तरेश्वर पहाटंच्या यष्टीनं आष्टीहून पुण्याला गेलता, एका पुस्तकासाठी. त्याची माय केशरबाई आंथरुणाला खिळलेली. तिची आई साखराबाई ऊसतोडीला गेली अन् फडावरच वारली, तवा केशर सहा वर्साची. फोटू न्हाई, कायी न्हाई. पर कुण्या मास्तरीणबाईनं फडावरल्या बायांच्या ओव्या लिहून घेतल्या व्हत्या. त्याचं बारकं पुस्तक निघालं व्हतं. साखराबाईनं लेकीवर रचलेली ओवी त्यात पान एकेचाळीसवर हाय, आसं आष्टीच्या एका सरानं सांगितलं. केशरबाईला त्यातला शब्द याद न्हवता. "येकदा मायची ओवी ऐकव बाबा, मंग मी जाती," येवढंच तिचं मागणं.

अप्पा बळवंत चौकात पयल्याच दुकानात पुस्तक घावलं. चाळीसावं पान हाय, बेचाळीसावं हाय, मधलं पांढरंफटक.

"छपाईत चुकलं असेल," दुकानदार म्हणाला.

उत्तरेश्वरला वाटलं, गावाकडचा गडी बघून खराब माल गळ्यात मारतंय बेणं. त्यानं दुसरं दुकान गाठलं. दोन जिने चढून गेल्यावर बारकी खोली, तिथं फकस्त लोकगीतांची अन् लोककथांची पुस्तकं. दुकान करिष्मा नावाच्या पोरीचं. तिनं पुस्तक उघडलं अन् तिचा हात थांबला.

"सकाळी होतं हो इथं! एका बाईंना मीच वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं."

"कोण बाई?"

"नऊवारीतल्या. तुमच्यासारखंच बोलत होत्या."

आता मातूर उत्तरेश्वरचं डोकं फिरलं. कोण ही बया? आपल्या फुडं फुडं कावून पळती? भावकीतल्या कुणी धाडली का काय? का ही पोरगीच थापा मारती? त्यानं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. पोरगी भ्यालेली व्हती.

दिवेलागणीला त्यो जुन्या पुस्तकांच्या दुकानात पोचला. म्हातारा मालक गल्ल्यावर. पुस्तक टेबलावर उघडंच. कोरं.

"आत्ताच गेली," म्हातारा म्हणाला. "मी ओवी वाचली, ती उभ्यानं ऐकत होती. मग म्हणाली, हे माझ्या लेकीचं हाय, बुकात कावून घातलं? मी नेती."

"केवढी व्हती बाई?"

"असेल पंचविशीची."

उत्तरेश्वरच्या जिवात जीव आला. म्हंजी माणूसच हाय, घावंल. "कुठली, काय, बोलली का कायी?"

"लेक केवढी आहे, विचारलं मी. म्हणाली, सहा वर्षांची. आजारी हाय. वाट बघती..."

उत्तरेश्वर रस्त्यावर पळाला. गर्दी व्हती. नऊवारीतलं कुणी न्हवतं.

रातची गाडी. दोन वाजून धा मिनिटाला फाट्यावर उतरला. काळाकुट्ट अंधार. घर येईस्तोवर त्यानं मागं बघितलं न्हाई.

दाराला आतून कडी व्हती. बायकोनं, मंगलनं, उघडलं.

"माय?"

"झोपल्यात. मगाशी गुणगुणत व्हत्या."

"काय?"

"ओवी व्हती कायतरी. मला वाटलं, तुमी फोनवर ऐकवली."

त्यानं फोन केला न्हवता.

आत गेला. दिवा लावला.

केशरबाई गार पडली व्हती. तोंडावर हसू. केसाला तेल. दोन घट्ट वेण्या... शाळंतल्या पोरीच्या आसत्यात तशा.

"मंगल... तू?"

मंगलनं मान हालवली. न्हाई.

उत्तरेश्वर खाली बसला. ल्हान लेकरावानी रडला. रडत रडत वेणीला हात लावला, अन् झटक्यानं मागं घेतला.

वेण्या उसाच्या पानानं बांधल्या व्हत्या. आपल्या कोरडवाहू शिवारात उसाचं टिपरू न्हाई. पान हिरवंगार, आत्ताच फडातून तोडल्यावानी.

अन् जेठाच्या त्या उकाड्यात पानावर दहिवर व्हतं.