तळ्यावर फिरणारी हरणी

उलायुच्या वागण्याला काही ताळतंत्रच उरलं नव्हतं. शिकारीला म्हणून रोज दुपारी बर्फगाडी घेऊन निघायची आणि रिकाम्या हातांनी परत यायची... वर हसत! एलिसापीच्या घराण्यात रिकाम्या हातांनी हसत येणारी ही पहिलीच नात. बरं, हिवाळ्यातली दुपार ती केवढी! सूर्य वर येतच नाही. तळ्यापलीकडे जरा निळसर उजळतं, धुकं गोठतं, की पुन्हा काळोख. कॅरिबूंचे, त्या बर्फाळ मुलखातल्या हरणांचे, कळप तर केव्हाच दक्षिणेला, झाडांकडे गेलेले.

एक हरणी सोडून.

हे तुलुगाकनं सांगितलं. किनाऱ्याकडच्या गावचा पोरगा, गळ्यात रेडिओ-पट्टे बांधलेल्या हरणांचा माग ठेवायला आलेला. पट्ट्याची टिकटिक त्याच्या यंत्रात ऐकू येई. जनावर मेलं, पट्टा पडून राहिला, की टिकटिक घाईची होते.

"आजी, ती एकटीच तळ्यावर फिरतेय," तो म्हणाला होता. "टिकटिक जिवंत. पण जावं तिथे खुराचा ठसा नाही, लेंडी नाही... कावळासुद्धा नाही."

"मग आहे काय तिथे?"

"दरवेळी धुक्यातून... उलायु येते."

त्याचे कान लाल झालेले एलिसापीनं पाहिले. घरात थंडी नव्हती.

आज तो निरोप घ्यायला आला. मोजणीचा आकडा उद्याच्या विमानानं जायचा, आणि तोही.

"गावानं एकूण किती मारली ते ठाऊक असतं," मांस कापणाऱ्या एलिसापीला तो सांगत होता. "त्यात पट्टेवाली किती, त्यावरून कळपाचा अंदाज. मारलेल्यांत पट्टेवाली थोडी, म्हणजे ती मोठ्या कळपात विखुरलेली. यंदा तर एकच मेली, आजी! पुढच्या वर्षी चिक्कार शिकार मिळेल."

एलिसापी हसली नाही. तिच्या लहानपणी एका हिवाळ्यात हरणं आलीच नव्हती. येतील, येतील म्हणता म्हणता दोन बहिणी भुकेनं गेल्या. तेव्हापासून न दिसणाऱ्या हरणांचं तिला भय वाटे.

तेवढ्यात टेबलावरचं यंत्र बोलू लागलं.

टिक... टिक...

"लांब असेल," तुलुगाक म्हणाला. पण आवाज वाढत होता. हरीण जवळ आलं की बाहेरची कुत्री साखळ्या तोडायला बघतात. आज ती गप्प होती. टिकटिक अंगणात आली. मग पायऱ्यांवर...

दार ढकललं गेलं. धुक्याचा लोट आत आला, आणि त्यातून उलायु.

"उलायु," तो यंत्राकडे बघत म्हणाला, "तू... मेलीयस की काय?"

"अजून नाही." तिनं कोटाच्या आतून पट्टा काढला. "मीच मारली तिला, कळप जाताना. धुक्यात पट्टा दिसलाच नाही रे. द्यायलाच निघाले होते, तर तळ्यावर तू भेटलास, विचारलंस, हरणी पाहिलीस का? वाटलं, दिला तर घेशील... आणि जाशील."

"म्हणून मेलीला रोज फिरवलंस?"

"तू रोज येत होतास!"

"मी हरणीसाठी येत होतो."

"खोटारडा."

तिच्या पापण्यांवरचं बर्फ वितळत होतं. त्यानं पाहिलं, नजर खाली नेली, पुन्हा पाहिलं. "पहिले दोनच दिवस," तो पुटपुटला.

मग त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे एक नाही, दोन मेल्या. मी लिहिलाय त्याच्या अर्धाच कळप आहे, उलायु."

खोलीतून हजारो हरणं निघून गेली. खुरांचा आवाजही झाला नाही.

"सरकार शिकार कमी करील," ती हळूच म्हणाली. "गाव मला दारात उभं करणार नाही."

"मी... मी काही बोललोच नाही तर?"

एलिसापीनं सुरी खाली ठेवली.

"ऐक, कार्टे. मेलेल्या जिवाला निजू दिलं नाहीस, ते वाईट केलंस. आणि या भल्या पोराला खोट्याच्या काठावर आणलंस, ते त्याहून वाईट. उद्या त्याच्याबरोबर विमानात बसायचं. पट्टा आपल्या हातानं द्यायचा, केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. गावाला मी बघते. मासे खातील, मरत नाहीत. पण परत येताना एकटी आलीस, तर या घरात पाऊल टाकायचं नाही!"