पाच आठवडे न मळलेली जर्सी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी फुटबॉल क्लबच्या धुलाईखोलीत चिमणीने एक हातमोजा उलटा केला. आतून चिकटपट्टीचा बोळा पडला. मोजा तिच्या दादाचा होता. दादा क्लबचा गोलरक्षक!

“म्हणून आठ दिवस डाव्या हाताने दात घासतोय!” चिमणी म्हणाली. “बोट दुखावलंय त्याचं. असाच खेळला तर कायमचं जाईल!”

“मग दुसऱ्या गोलरक्षकाला खेळवा की!” तिचा मित्र ढोल ओरडला. त्याला हळू बोलता येतच नसे.

चष्मेवाल्या भिंगाने कपाटातून दुसऱ्या गोलरक्षकाची जर्सी काढली. घडीत धुलाईची चिठ्ठी तशीच होती. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची!

“मावशी, हा येतच नाही?” भिंगाने विचारलं.

“मला काय ठाऊक? येतील ते कपडे मी धुते,” चिमणीची मावशी साबण ओतत म्हणाली.

तिघे कार्यालयात धावले. भिंतीवरच्या फळ्यावर हुक होते आणि प्रत्येक हुकावर एका खेळाडूच्या नावाची पाटी. गोलरक्षकांचे दोन्ही हुक भरलेले होते. बाहेर बाकावर क्लबशी करार करायला आलेला एक नामांकित आघाडीवीर बसला होता. नवे खेळाडू घेण्याची मुदत पाचला संपणार होती आणि क्लबकडे पैसे होते एकापुरतेच.

“काका, दुसरा गोलरक्षक कुठाय?” चिमणीने विचारलं.

“तो काय, हुकावर!” व्यवस्थापककाका म्हणाले. “पळा! मोठ्यांच्या कामात लुडबुड नको!” आणि ते पाहुण्याबरोबर फोटो काढायला गेले.

गोम हुकातच होती. नव्या खेळाडूला हुक लागला, तरच इथे जुनी पाटी निघत असे. गोलरक्षक पहाटे आपापला सराव करत, प्रशिक्षक संध्याकाळी येत. त्यामुळे सगळ्यांचा भरवसा फळ्यावर!

“फळाच बदलू,” भिंग म्हणाला. “या आठवड्यात मळलेल्या जर्सी टांगायच्या. बस्स!”

चार वाजता प्रशिक्षक व्यवस्थापककाकांबरोबर आत आले आणि त्यांनी नाक धरलं. “हा कसला वास?”

“खरा संघ आहे, सर!” ढोल गरजला.

आघाडीच्या हुकांवर पाच जर्सी होत्या. गोलरक्षकांचा एक हुक रिकामा.

दादाला बोलावलं. त्याने खिशातला हात बाहेर काढला. बोट जांभळं पडलं होतं.

“दुसरा बोटीवर नोकरीला गेला,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. मीही बसलो, तर गोलात कोण उभं राहणार?”

“पण असा मोहरा पुन्हा मिळायचा नाही!” काका कळवळले.

“गोल मारायला पाच जण,” प्रशिक्षक म्हणाले, “आणि अडवायला नऊ बोटं!”

काकांनी रिकाम्या हुकाकडे पाहून मान डोलावली. मग स्वतः बाहेर जाऊन त्यांनी पाहुण्याला सगळं सांगितलं. “गोलरक्षक नसलेल्या संघात मला तरी कशाला यायचंय?” म्हणत त्याने हसून बॅग उचलली.

प्रशिक्षकांनी सध्या कुठल्याच संघात नसलेल्या एका ओळखीच्या गोलरक्षकाला फोन लावला. त्याने सही करून पाठवलेला अर्ज चार बावन्नला खेळाडूंची नोंदणी करणाऱ्या संघटनेकडे गेला.

“माझ्या नाकाखालचं तुम्ही शोधलंत. शाबास!” काका म्हणाले. “पण त्या जर्सी आधी धुवायला न्या!”

दादा मावशीबरोबर डॉक्टरांकडे गेला.

चार अठ्ठावन्नला संघटनेचं उत्तर आलं : “अर्ज मिळाला. तपासणी चालू आहे.”

पाच वाजले. चिमणी कोरी पाटी हातात धरून रिकाम्या हुकाखाली उभी होती. मंजुरीचं उत्तर अजून आलेलं नव्हतं.