नावाड्याच्या गोष्टी संपल्या तेव्हा

तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, विजेचं मीटर बघायला आलाय. माझ्या कडेवर लेक चिमी, हाताला साबण... मी त्याला सरळ जिन्याखाली नेलं. तोही बिचारा थोडा वेळ मीटरकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, तो पुस्तकं काढतो – याच गावच्या इतिहासाची – आणि त्याला माझ्या सासऱ्यांना भेटायचंय.

सायकलच्या दुकानामागे एक खोली, एवढंच त्याचं प्रकाशन. जुन्या पुलावरची बत्तीस पानांची पुस्तिका त्याने स्वतः दारोदार फिरून विकली होती. ती वाचून लोक आपणहून फोटो, पत्रं आणून देऊ लागले, त्यातून बंद गिरणीवरची दुसरी निघाली. आता पहिलं जाडजूड पुस्तक काढायचं होतं, नदीवरच्या नावेचं. तो पूल होण्याआधी बाबा, म्हणजे माझे सासरे, तिथे नावाडी होते.

तो दर गुरुवारी येऊ लागला. मग सोमवारीही. बाबा सांगायचे, तो लिहायचा, चिमी त्याच्या पायावर चढायची आणि मी... मी दाराआडून ऐकायचे. रिकामा कप देताना एकदा त्याने वर पाहिलं, तर दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चिमीचा बाप जाऊन तीन वर्षं झाली होती. हे काय चाललंय – घाबरावं की हसावं, कळेना.

एका सोमवारी बाबांनी पुरात नावेतच बाळंत झालेल्या बाईची गोष्ट सांगितली. सहा वर्षं या घरात काढली, पण ती कधी कानावर आली नव्हती. तो गेल्यावर मी छेडलं, तर म्हणाले, खऱ्या गोष्टी केव्हाच संपल्या.

"पण मग पोरगा यायचा बंद होईल ना. आणि तू हल्ली भांडी घासताना गुणगुणतेस."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. तरी कोणकोणत्या गोष्टी रचलेल्या, ते त्यांच्याकडून वदवून घेतलं. पुस्तक चार दिवसांत छपाईला जाणार होतं. एक जरी खोटी निघाली असती, तर त्याच्या आधीच्या पुस्तिकांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. आणि सांगावं, तर तो पुन्हा येईल कशाला...

दुसऱ्या दिवशी चिमीला घेऊन त्याच्या खोलीवर गेले आणि एका दमात सांगून टाकलं. त्याने गठ्ठा सोडला, तीन प्रकरणं उपसून बाजूला ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. बाबांनी असं का केलं, त्याने विचारलं.

"तुम्ही येत राहावं म्हणून."

"त्यांच्यासाठी?"

मी चिमीच्या फ्रॉकचं बटण लावत बसले. ते आधीच लावलेलं होतं.

त्याने बाजूला काढलेली पानं नीट रचून ठेवली. मग –

"आता विचारण्यासारखं काही उरलं नाही माझ्याकडे. तरी गुरुवारी आलो तर... चालेल?"

"सहाला या," मी म्हटलं. "बाबा तेव्हा फिरायला जातात."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.