कूलरसमोरचा आवाज

उन्हाळा आला की पिपलानी वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमधला कूलर नरहर पुसायचा, वाळ्याची नवी खस बसवायचा आणि पहिला गार झोत बायकोच्या वाट्याला द्यायचा. कारखान्यात तो रिले, म्हणजे विजेचा इशारा मिळाला की पुढचं यंत्र चालू-बंद करणारी बटणं, तपासायच्या विभागात होता. घरातली वीज परक्याच्या हाती देणं त्याला कमीपणाचं वाटे. त्या मेमध्येही त्याने बटण दाबलं. ओल्या खसचा वास घरभर पसरला. रत्नप्रभा पोळी तव्यावर टाकून उठली, कूलरच्या जाळीला तोंड लावून उभी राहिली आणि "आऽऽऽ" म्हणू लागली. पंख्याच्या वाऱ्यात आवाजाचे तुकडे पडत होते.

असं फक्त सुभाष करायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा. आठव्या वर्षी काविळीने गेला, त्यालाही आता पंचवीस वर्षं होत आली होती.

"अगं, काय हा पोरकटपणा?" नरहर हसला.

तिने वळून पाहिलं आणि ती भांबावली. "अहो, मी इथे कधी आले?" तव्यावरची पोळी जळाली होती.

मग एकदा गोळेवाल्याची घंटी वाजली आणि ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली. गुडघ्यांपायी देवळात जायचं सोडलेली बाई. गोळ्यासाठी पुढे केलेला हात डावा होता. डावखुरा सुभाष होता, रत्नप्रभा नव्हे. भानावर यायला तिला तासभर लागला.

नरहर मिसरोदला पुतणीकडे गेला. रजनी एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करायची.

"काका, मेंदूत जातीजातीच्या पेशी असतात," ती म्हणाली. "प्रत्येक जातीत वेगळी जनुकं जागी असतात. एका जातीला इशारा मिळाला की उंदीर खायला धावतो, दुसरीला मिळाला की जागीच थिजतो. उंदराच्या मर्जीचा सवालच नाही."

"पण हे वागणं तिचं नाहीच. सुभाषचं आहे."

रजनी म्हणाली, "पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या अंगात राहून जातात. मेंदूतही सापडल्यात. पण त्या असलं काही करतात, हे कुणी नाही बघितलं. तुम्ही काकूला पहिले डॉक्टरला दाखवा ना."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं ठीक निघालं.

एका दुपारी नरहरने मुद्दामच कूलर लावला. आपण काय करतोय ते त्याला कळत होतं, पण पोराच्या आवाजापुढे शहाणपण कुठलं टिकायला? जाळीपाशी "आऽऽऽ" थरथरलं आणि मग स्वच्छ "बाबा" ऐकू आलं. नरहर खाली बसून ढसाढसा रडला.

रत्नप्रभा परतली ती दुसऱ्या दिवशी. चहाचा डबा कुठे असतो ते तिला आठवेना.

"अहो," तिने त्याचा हात घट्ट धरला, "मला जाऊ देऊ नका."

त्याने आपल्या कामाचा न्याय लावला. इशाराच पोचला नाही तर पुढचं काही हलणार नाही. त्याने कूलर काढून टाकला. खिडक्यांवर रजया ठोकल्या. पंखा बंद, तिच्या कानांत कापूस. ती घामाने निथळत पडून असे, पण रत्नप्रभाच असे. तिने "अहो, पाणी" म्हटलं तरी तो देवाला हात जोडायचा.

असे काही दिवस निभावले. मग एका दुपारी तो पेला घेऊन आत गेला. खोलीत मिट्ट काळोख होता, ओलसर ऊब होती.

ती कुशीवर होती. गुडघे छातीशी, हनुवटी आत, मुठी वळलेल्या.

"रत्ना," त्याने मोठ्याने हाक मारली.

चेहरा आवाजाकडे वळला. डोळे मिटलेलेच.

"सुभाष?"

ओ नाही.

तेव्हा त्याला सुभाषच्या आधीचं बाळ आठवलं. सहाव्या महिन्यात पोटातच गेलेलं. ऊब, काळोख आणि पलीकडून येणारा बापाचा आवाज, एवढंच त्या जिवाला ठाऊक होतं. पुरवठा तुटला की तेव्हाच काम सुरू करणारे रिलेही असतात. नरहरने आयुष्यभर तेही तपासले होते.

त्याने रजया ओरबाडल्या. ऊन आत आलं. कापूस काढला, तिला गदागदा हलवलं.

"रत्ना, श्वास घे. अगं, श्वास घे."

छाती हलत नव्हती. श्वास घ्यायची वेळ त्या बाळावर कधी आलीच नव्हती.

चेहरा शांत होता. तो बोलेल तिकडे ती तोंड वळवत होती, आणि तिच्या मुठी सावकाश उघडत होत्या, मिटत होत्या.