ऑरिनची तीन उत्तरं

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण हे घडलेलं आहे. लव्हीना ट्रेडवेनं ते आयुष्यात एकदाच सांगितलं, माझ्या आजीला. आणि लव्हीना तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नव्हती.

ओहायो. १८९७ सालचा नोव्हेंबर. एकोणीस तारीख, शुक्रवार.

त्या दुपारी सगळं नेहमीसारखंच होतं. तिचे वडील अमोस कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची मालिश करायचे, पट्ट्या बांधायचे. लव्हीना स्वयंपाकघरात बसून खेळाडूंची फाटलेली कॅनव्हासची जाकिटं शिवत होती. मागच्या ओसरीवर संघातली पोरं बसली होती. जूनपासून कुणी केस कापले नव्हते. केस वाढवले की डोक्याला मार कमी बसतो, असं त्यांचं म्हणणं.

"ऑरिन, वेणी घालायला मिस लव्हीनाला हाक मारू का रे?"

"आधी तुला मिशी फुटू दे. मग माझ्या केसांवर बोल."

मग कॅप्टन प्रेस्कॉटचा आवाज आला.

"पुरे. उद्याची उत्तरं म्हण."

कुणाच्या डोक्याला लागलं की अमोस बादली घेऊन मैदानात धावत. तीनच प्रश्न विचारत, वर्षानुवर्षं तेच. आज वार कोणता? समोर कोण? आपला कॅप्टन कोण? एक जरी चुकलं तरी पोरगा बाहेर. आणि एकदा बाहेर गेलेल्याला परत आत घ्यायचा नियम नव्हता.

"शनिवार, डेलाफोर्ड, प्रेस्कॉट," ऑरिन म्हणाला.

"झोपेतसुद्धा आलं पाहिजे. मग कवटी फुटली तरी म्हातारा तुला काढू शकत नाही."

पोरं हसली.

लव्हीनाही हसली. दोरा दातानं तोडला आणि पुढचं जाकीट घेतलं. वडिलांना सांगायचं राहून गेलं... निदान पुढे ती स्वतःची तशीच समजूत घालत राहिली.

शनिवारी सामन्याच्या उत्तरार्धात ऑरिन खेळाडूंच्या ढिगाखालून उठलाच नाही.

अमोस धावले. चेहऱ्यावर गार पाणी मारलं. प्रश्न विचारले. ऑरिन उठला, खेळला. सामना जिंकला.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यानं ताटाशेजारी डोकं टेकवलं. दमलाय, झोपू दे, असं सगळे म्हणाले.

तो पुन्हा उठला नाही.

पाचव्या दिवशी संघ पुढचा सामना खेळला. ऑरिनचं जाकीट दुसऱ्याला दिलं. नव्या पोराच्या मापाचं ते लव्हीनानंच करून दिलं. डेलाफोर्डशी जिंकलेल्या सामन्यातल्या चेंडूवर गुण रंगवून तो काचेच्या कपाटात ठेवला. प्रेस्कॉटला मानाचं पदक मिळालं. अमोसना रस्त्यात पाहिलं की तो पलीकडच्या बाजूनं जायचा.

गावानं ठरवून टाकलं, म्हाताऱ्यानं पोराचा जीव घेतला. कॉलेजनं त्यांना कामावरून काढलं, किल्ल्या परत घेतल्या.

"तिन्ही बरोबर सांगितली गं," अमोस रोज म्हणत. "तिसरा प्रश्न तर मी विचारलाही नव्हता. त्याआधीच उत्तर आलं. एवढं शुद्धीवर असलेलं पोर... माझं कुठं चुकलं?"

"जेवून घ्या, बाबा."

एक वाक्य बोलली असती, तर ते सुटले असते. पण त्यानंतर त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असतं, ती तिला सोसवली नसती. म्हणून ती वाढत राहिली आणि ते ताट सरकवत राहिले.

पुढच्या ऑक्टोबरात ते गेले.

त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी, दुपारी साडेतीनला, मागच्या ओसरीवर बादलीची कडी वाजली...

बादली तिनं केव्हाच भंगारात दिली होती.

मग ऑरिनचा आवाज. स्पष्ट.

"शनिवार."

थोडा वेळ काहीच नाही.

"डेलाफोर्ड."

पुन्हा शांतता.

"प्रेस्कॉट."

तिनं दार उघडलं. लख्ख ऊन. ओसरीच्या फळ्यांवर वाळकी पानं पडलेली. एकही पान तुडवलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. उत्तरं यायची, प्रश्न मात्र कुणी विचारायचं नाही. प्रश्नांच्या जागी नुसती शांतता... कुणीतरी ऐकत उभं असावं तशी.

हे सांगताना आजी दाराकडे पाठ करून बसत नसे. ते घर अजून आहे. मी त्या बाजूनं जात नाही.

चौथ्या शनिवारी प्रश्न आले.

"वार कोणता, बाळा?"

तो आवाज लव्हीना लहानपणापासून ओळखत होती. हातातली सुई तशीच राहिली.

"शनिवार."

"समोर कोण?"

"डेलाफोर्ड. प्रेस्कॉट."



ओसरीवरच्या बाकावर कुणीतरी जडपणे बसलं. लाकूड करकरलं.

"मी विचारलंच नव्हतं," वडील म्हणाले. थकून, स्वतःशीच. "माझं कुठं चुकलं?"

लव्हीना उठली. दार उघडलं. बाक रिकामा होता. मालिशच्या तेलाचा वास एरवी त्यांच्या आधी घरात शिरायचा, तोही नव्हता.

ती त्या रिकाम्या बाकासमोर उभी राहिली.

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. पोरांनी उत्तरं पाठ केली होती. आदल्या दिवशी, इथंच बसून. मी आतून ऐकत होते. आणि मी हसले होते."